दोन रिकामी घरं

४ जून
चि. ठिपकीस, अनेक आशीर्वाद.
कादंबरीची ब्रेल पानं तपासायला घेतली. तुझ्या छापखान्याच्या नव्या सॉफ्टवेअरची अक्कल ठिकाणावर नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन अक्षरांची घरं रिकामी सोडायची, तर हे पाच सोडतं. ओळ मधेच तोडतं. बाराव्या पानावर नायिका "मी" म्हणते आणि पुढे चार घरं गप्प! लाजली म्हणावं, तर बाई वकील आहे. टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढली, तुटलेली लाइन मला लगेच कळते.
काल चहाच्या पेल्याने बोट पोळलं, ते फोड आल्यावर कळलं. शेजारचे कंपाउंडर म्हणाले, गेंड्याची कातडी आहे तुमची. असू दे. हाताशी पुस्तक आहे तोवर मला कुणाची गरज नाही.
लोभ असू दे, ओळी मात्र नीट पाड.
तुझा दादा

११ जून
ती. दादास, सा. नमस्कार.
सगळी सेटिंग्ज पुन्हा लावली, फाइलमधले जादा एंटर काढले. साहेब म्हणाले, मशीनपेक्षा तुझ्या भावाच्या बोटावर माझा विश्वास जास्त. फुगू नकोस! नवी पानं पाठवतेय.
माया आहेच, ती राहू दे.
ठिपकी

१७ जून
चि. ठिपकीस, आशीर्वाद.
आता तर अख्ख्या ओळी गिळल्यात. एवढ्या वर्षांत असलं गचाळ काम हाताखालून गेलं नाही. तू लक्ष देत नाहीस.
दादा

२२ जून
ती. दादास, सा. नमस्कार.
रागावू नकोस. तुला पाठवलेलीच पानं मी ऑफिसातल्या तपासनीस बाईंकडून वाचून घेतली. त्याही तुझ्यासारख्याच, बोटांनी वाचणाऱ्या. एकही घर जादा नाही, एकही ओळ तुटलेली नाही. दादा, मला तुझ्या त्या पोळलेल्या बोटाची भीती वाटते. लगेच डॉक्टरकडे जा. हे लिहिताना चार वेळा उठले.
तुझीच,
ठिपकी

३० जून
चि. ठिपकीस, आशीर्वाद.
हे पत्र शाईचं आहे, कंपाउंडर लिहून देतायत. ब्रेलच्या मशीनवर ठोकलं, तरी काय ठोकलं ते मला तपासता येत नाही.
तुझ्यावर उगाच डाफरलो. परवा शाळेतलं बक्षिसाचं पुस्तक काढलं, मास्तरांनी हाताने ठोकलेलं. त्यातही तेच खड्डे. तेव्हा कुठे होतं तुझं सॉफ्टवेअर? डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजाराने बोटांची जाणीव गेली, परत यायची नाही. मी फार घाबरलोय गं.
यापुढे शाईनेच लिही, कुणीतरी वाचून दाखवेल. आपलं भांडणही आता तिसऱ्याच्या तोंडून.
तुझं पत्र मिळालं, पाकिटावरचा शिक्का बावीस तारखेचा आहे म्हणे. काय लिहिलंस, कळलं नाही. सुरुवातीची दोन रिकामी घरं तेवढी बिनचूक लागली. मग पान संपेपर्यंत तीच लागत राहिली.
लोभ ठेव.
दादा