तीन नंबरच्या शेडमध्ये चांगलं बोलू नये

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा हा-मोखेथी गावाला. राजधानीहून, मासेरूहून, सात तास, आणि शेवटचे दोन तास रस्ता असा की गाडीपेक्षा माझीच हाडं जास्त वाजली. पण इथल्या वसंताची हवा काय सुरेख आहे! कड्यांवर अजून बर्फाचे ठिपके दिसतात आणि खाली पीचची झाडं गुलाबी झाली आहेत. कंपनीने दिलेली खोली ऐसपैस आहे, शेगडीसकट. तीन हरितगृहंही अगदी चकचकीत. इथे त्यांना सगळे शेडच म्हणतात.

मुख्य गांजातज्ज्ञ म्हणून इथे परदेशी सोडून याच देशाचा माणूस नेमला गेला, तो मी पहिलाच. आईला फोनवर पद सांगितलं तर तिने आधी विचारलं, पकडणार तर नाहीत ना. तिच्या भावाला याच झाडापायी तुरुंगवास घडला होता. मला मात्र सरकारी परवाना आहे. काळ बदलला, फक्त या डोंगरातल्या लोकांना कुणी कळवलेलं दिसत नाही. यांचे आजे-पणजे मक्याच्या ओळींत गांजा लावायचे आणि घोड्यावर पोती घालून घाटापलीकडे पोचवायचे. तेवढ्या भांडवलावर हे दीडशहाणे मला शिकवायला निघाले आहेत.

बायको, लिखाबिसो, मासेरूलाच आहे; तिला पाचवा महिना लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी आहे, छान वाढते आहे. आधीची दोन्ही बाळं जन्मतःच गेली. या खेपेला तसं होणार नाही, हे मी इथे शाईने लिहून ठेवतो.

९ ऑक्टोबर

मुकादमाचं नाव न्चा, म्हणजे चक्क कुत्रा. मी त्याला 'न्ताते न्चा' म्हणतो, म्हणजे कुत्रेसाहेब. त्याच्या आधीची चार भावंडं गेली, म्हणून आईने असं नाव ठेवलं की मरणानेसुद्धा नाक मुरडावं. आता साठी उलटली तरी गडी घोड्यावर टांग टाकतो, आणि हा सगळा त्या नावाचा पराक्रम समजायचा! माझी सासूही नातीसाठी असंच एखादं घाणेरडं नाव शोधते आहे. मी साफ सांगितलं, माझ्या मुलीचं नाव नालेदी. तारा. पुढे चर्चा नाही.

तीन नंबरच्या शेडची गंमत तर वेगळीच. सकाळी पडदे सारण्याआधी बायका दारातून झाडांवर थुंकतात आणि ओरडतात, "उठा गं सडक्यांनो, गाढवाच्या मुतावर पोसलेल्यांनो!" मग दिवसभर आत कुणी कशाबद्दल चांगलं म्हणून बोलत नाही. एकीचा मुलगा परीक्षेत पहिला आला, तर म्हणाली, "मेला शाळेत ऊन खायला जातो." दुसरीचा नवरा खाणीतून सुखरूप परतला, तर, "आलं बाई ते ओझं माघारी." घरी म्हणे याच बायका नवऱ्याच्या गळ्यात पडून रडल्या.

कलमांचं काम मान्कोपानेकडे आहे, सगळे तिला म्मे, म्हणजे आई, म्हणतात. सत्तरीची, दात तीन, तोऱ्याला मात्र तोटा नाही. तिने मला समजावलं की या शेडमधल्या झाडांत इथल्या खोऱ्याचं रक्त आहे आणि ते झाड ऐकतं. ज्याचं कौतुक त्याच्या कानावर पडतं, त्याचा जीव ते ओढून घेतं. मी म्हटलं, म्मे, झाडाला कान नसतात, तसा काहींना मेंदूही नसतो. तिने माझ्याकडे अशा काही कीवेने पाहिलं की डोकंच फिरलं. थुंकणं आणि शिव्या आजपासून बंद. दारावर नोटीस लावली.

२३ ऑक्टोबर

आज मातृझाड निवडलं, म्हणजे पुढची सगळी कलमं ज्याची करायची ते झाड. माझ्या आधीचा परदेशी तज्ज्ञ संकर करून रोपं ठेवून गेला. आई इथली डोंगरी, थंडी-वारा सोसणारी. बाप परदेशी, नशेला जबर पण नाजूक. ऐंशी रोपांतून मी एकच ठेवलं, कारण संकरात बहुतेक पोरं आईबापांचे दोषच उचलतात. ताकद असते ती कळ्यांवरच्या राळेत, म्हणून मी भिंग घेऊन राळेचे थेंब मोजत बसतो. नर झाडं वेळेत उपटायची, नाहीतर मादी बी धरते आणि राळ सोडून देते. काळे पडदे ओढून दिवस लहान केला की तिला वाटतं हिवाळा आला, आणि ती फुलते. चाचणीत नशेचा अंश आला अठरा टक्के. सुरुवातीला वाईट नाही.

वाणाला नाव हवं होतं. मी दिलं, नालेदी. वरिष्ठांना फार आवडलं. पाटी रंगवून तीन नंबरच्या शेडमध्ये झाडामागच्या भिंतीवर लावली, तिच्याखाली लिखाबिसोच्या सोनोग्राफीचं चित्र चिकटवलं. माझं टेबलही तिथेच हलवलंय, ही रोजनिशी तिथेच लिहितो. काम करता करता झाडाला लेकीच्या गोष्टी सांगतो. बायका कामं टाकून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मान्कोपाने म्हणाली, आपलं लेकरू असं उघड्यावर कुणी ठेवत नाही रे बाळा. बाळा! मी तिचा साहेब आहे.

११ नोव्हेंबर

न्चाचा घोडा पाहिला. लाल रंगाचा, मानेला बाक असलेला, अप्रतिम जनावर. शेडमध्ये आल्यावर मी मोठ्याने म्हटलं की अख्ख्या जिल्ह्यात असा घोडा नसेल. न्चाचा चेहरा उतरला. तो घाईघाईने झाडाकडे वळून म्हणाला, लंगडं आहे हो ते, खरजुडं, उद्या गिधाडांना घालणार आहे. मी पोट धरून हसलो.

१४ नोव्हेंबर

घोडा मेला. रोग नाही, जखम नाही. तीन दिवसांत कातडं हाडांना चिकटलं. न्चा आज खोगीर खांद्यावर घेऊन चालत कामाला आला.

डोंगरात जनावरं मरतातच. नालेदीची चाचणी केली. चोवीस टक्के, अकरा तारखेला अठराच होते. तीन दिवसांत एवढी वाढ होत नाही, यंत्र बिघडलं असणार.

२ डिसेंबर

एकोणतीस टक्के. यंत्र ठीक आहे, दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही तेच आलं. वरिष्ठ खूश, माझ्या नावाने मेजवानी झाली, अख्खा मेंढा. 

लिखाबिसोचा फोन होता. बाळाचं वजन तीन आठवडे तिथेच थांबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं नाही, पण दर दोन दिवसांनी या.

एक विचित्र गोष्ट. फांद्या दिव्यांकडे वळायला हव्यात, त्या माझ्या टेबलाकडे वळल्या आहेत. वाऱ्याचा पंखा त्या बाजूला आहे, म्हणून असेल.

५ डिसेंबर

पंखा बंद करून पाहिला. तरीही माझ्याकडेच.

बाळाचं वजन घटलं. पोटातल्या बाळाचं वजन घटत नसतं, एवढं मलाही कळतं. नालेदी एकतीस.

पाटी काढली. चित्र काढलं. चित्रामागे मुळ्या फुटल्या होत्या, केसांसारख्या, भिंतीच्या पत्र्यातून.

६ डिसेंबर

अडाणी लोक, अडाणी गोष्टी. मी शिकलेला माणूस आहे. कात्री घेतली आणि एक मोठी फांदी छाटली. सगळं झाडच तोडून जाळणार होतो.

पाच मिनिटांत सासूचा फोन. लिखाबिसोला रक्तस्राव सुरू झाला. पाचच मिनिटांत.

कात्री खाली ठेवली. थांबला म्हणे.

८ डिसेंबर

मान्कोपानेच्या घरी गेलो. तिच्या अंगणात जमिनीवर बसलो. तिने टोमणा मारला नाही, आंबील दिली. म्हणाली, आता ते तोडायचं नाही, तुझं लेकरू त्याच्यात आहे. ज्याने कौतुक केलं त्यानेच झाडासमोर उभं राहून ते परत घ्यायचं. शब्दन्‌शब्द. तिरस्कार खरा हवा, झाड खोटं ओळखतं. न्चाच्या आईने त्याला सात वर्षं मनापासून कुत्रं म्हटलं, मांडीवर घेतलं नाही.

मी म्हटलं, तिरस्कार मला जमेल. मान्कोपाने पहिल्यांदा हसली. म्हणाली, "हो रे, सगळ्या जगाचा जमतो तुला. बघू."

१३ डिसेंबर

जन्मली. दहा आठवडे आधी. अकराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. श्वास घ्यायला विसरते.

लिखाबिसो म्हणते ये. कसा येऊ— इथेच उभं राहायला हवं—

बायका बाहेर रांगेत उभ्या आहेत. माझ्यासाठी शिव्या देताहेत त्या झाडाला. मी बंद केल्या होत्या त्याच.

१४ डिसेंबर

सकाळपासून बोलतोय. नालेदी घूस आहे. नालेदी शेण आहे. दोन तासांनी फोन आला. श्वास सुधारला. सुधारला!

एक फांदी मागे सरली. मी पाहिलं.

आनंद झाला. मोठ्याने म्हणालो, शाब्बास पोरी—

नाही. नाही. शब्द परत घेतला. लगेच घेतला.

फांदी पुन्हा पुढे.

१५ डिसेंबर

पस्तीस टक्के. का मोजलं मी. मोजताना मन म्हणालं, माझी नालेदी— कुठली ते मलाच कळलं नाही.

दर तासाला श्वास थांबतो तिचा. नर्स पाठीवर टिचकी मारते.

१६ डिसेंबर

आवाज गेला. आता लिहून. झाडाची पानं वहीवर टेकली आहेत. वाचू देत.

नालेदी कुरूप आहे. माकडतोंडी. कातडं सुरकुतलेलं. बोटं काटक्यांसारखी, चुलीत घालायच्या लायकीची. कुणाला नको आहे ती. बापाला नको. बापाला तर मुळीच—

लिखाबिसोने आत्ता फोटो पाठवला. डोळे उघडलेत. पहिल्यांदाच.

नालेदीचे डोळे घाणेरडे आहेत. चिकट. डबक्यासारखे. नालेदीचे डोळे— आईसारखे, थेट माझ्या— नाही, घाणेरडे, घाणेरडे— नालेदीचे डोळे किती सुं