पत्रिकेतली करवली

३ एप्रिल, सिल्वासा
आजपासून रोजनिशी. लग्न ठरलेल्या माणसाला शिस्त पाहिजे.
बदनापूरहून प्रेमचा फोन आल्ता. प्रेम म्हणजे आमची अक्षता. दोन वर्षं झाले, केस कापले, म्हणतो मी भाऊ आहे, बहीण न्हाई. मला चालतं. मी मॉडर्न आहे. म्हणे दादा, साडी नेसून, कऱ्हा घेऊन तुझ्या मागं करवली म्हणून उभा राहणार न्हाई. पत्रिकेत भावांमधी प्रेम छापा. अण्णाला तूच सांग, तुझं ऐकतेत. न्हाई छापलं तर लग्नाला येत न्हाई. म्हटलं, झालं समज.

५ एप्रिल
अण्णाला, म्हणजे बापाला, सांगायचं तर शब्द पाहिजेत. प्रेमनं शब्दांची लिस्ट पाठवली. आधी अभ्यास, मंग फोन. सातवी नापास असलो म्हणून काय.

९ एप्रिल, जेवणाची सुट्टी
जन्मल्यावर अंग पाहून ठरवतेत ते लिंग. आतून वाटतं ते जेंडर. कपडे, केस, चाल ते एक्सप्रेशन. तिन्ही अलग. रूममेट तन्वीरला समजावलं. तो म्हणाला, भाई, मला सांगून काय फायदा, तुझ्या बापाला सांग. तन्वीर अडाणी आहे.

१२ एप्रिल
इंटरसेक्स पाठ. म्हणजे शरीरच जन्मापासून पुरतं बाईचं न्हाई, पुरतं बाप्याचं न्हाई. प्रेम तसा न्हाई. प्रेम ट्रान्स पुरुष. बिलकुल पक्कं झालं. अण्णाला फोन लावला. विचारलं, तिकडं ऊन कसंय. म्हणाले, हाये. ठेवला. सुरुवात चांगली झाली.

१६ एप्रिल
प्रेमचा मेसेज. मंगळवारी पत्रिका छापायला जाणार. दादा, शब्द राहू दे, नुसतं नाव सांग. फार घाई करतो.

१९ एप्रिल, रविवार
आज नक्की. अण्णा जेवत असतील. मंग झोपले असतील. मंग मी झोपलो.

२१ एप्रिल, मंगळवार
डबल ड्युटी. मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. न्हाईतर आज सांगणारच होतो.

२४ एप्रिल
पत्रिका आली मोबाइलवर. सोनेरी गणपती. खाली ठळक: करवली, कु. अक्षता.
अण्णाचा फोन आला. म्हणाले, मस्तगडचा प्रेसवाला विचारत होता, काही बदल? अण्णानं त्याला सांगितलं, पोराचा फोन आल्ता, बदल असता तर बोलला असता.
मी म्हटलं, बराबर.
पत्रिका सगळ्यांना फॉरवर्ड केली. प्रेमलाबी गेली. त्यानं पाहिली. मंग त्याचा फोटो गायब. तन्वीर म्हणाला, ब्लॉक केलं भाई. म्हटलं, नेटवर्क असंल.
शब्दांची लिस्ट तोंडपाठ म्हणून पाहिली. एकबी शब्द चुकला न्हाई.