शिडी कुणाची?

मुरुम,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ती. गंगम्माअक्कास,

शंभुलिंगचा शरणु. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. सास्तूरला तूर निघाली का? तुझा गुडघा कसा आहे?

फोन सोडून कागद का, म्हणशील. फोनवरचं बोलणं हल्ली टेप होतं. हे वाचून चुलीत घाल.

बब्रुवान अजून सोलापूरला दवाखान्यातच आहे. कमरेचं हाड मोडलंय. चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. वाईट वाटतं गं, शाळेपासूनचा दोस्त. पण त्याच्या माणसांची नजर मला ठीक दिसत नाही. काल त्याचा मेहुणा घरावरून दोनदा गेला, दुसऱ्यांदा मोबाइल वर धरून. मी टपरीवर गेलो की बोलणी थांबतात. वकील म्हणाला, कामाला लावलेला माणूस पडला तर घरमालकावर येऊ शकतं.

तू त्या दिवशी इथंच होतीस. कुणी विचारलं तर एवढंच सांग, बब्रुवान चहाला आला होता, टाकीचा पाइप गळताना दिसला म्हणून आपणहून चढला. खोटं काय त्यात? दिवसाची हजेरी किती घेशील विचारलं तर मलाच ओरडला होता, "दोस्ताकडनं हजेरी घेऊ व्हय रं?" मग कामाला लावला कसा म्हणायचं? काम झाल्यावर द्यायला आणलेली टॉवेल-टोपी मात्र ट्रंकेच्या तळाशी दडवलीय. ती दिसली तर सगळंच उघड.

शिडीचं विचारू नकोस.

(संध्याकाळी)

कागद अर्धा टाकून उठावं लागलं. दारात बब्रुवानची बायको, मथुरावहिनी. सोलापूरहून थेट आलेली. पाणीही न घेता म्हणाली, "भावजी, शिडी द्या."

पुरावा न्यायला आली, दुसरं काय! म्हणालो, "कशाला?"

"पोलिसानं जबाब घेतला. ह्यांनी सांगितलं, शिडी माझीच, घरनं नेलती, शंभू चढू नको म्हणत हुता. उद्या पोलीस बघाय येणारेत. मग ती आमच्या घरी नको व्हय?"

अक्का, शिडी नाही. तो पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ती तोडून बंबात घातली आणि त्याच पाण्यानं अंघोळ केली. चौथी पायरी तडकलेली मला ठाऊक होती. दिवाळीत तूच म्हणाली होतीस, बदल म्हणून. मी नुसती सुतळी गुंडाळली. फोन करून मीच त्याला बोलावलं आणि वर म्हणालो, "चढ रे, काय होत नाही." चढू नको असं मी म्हणालोच नव्हतो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आठ दिवस मी त्याच्या घरच्यांवर संशय घेतला, आणि तो खाटेवर पडून माझ्यासाठी खोटं बोलला. फार लाज वाटते गं.

वहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. "ह्यांना तुमीच सांगा," म्हणाली आणि चपला घालून गेली.

उद्या पहिल्या एसटीनं सोलापूरला निघतोय. आधी त्याला सांगेन, मग पोलिसांना. टॉवेल-टोपी पिशवीत घेतलीय. तुला कुणी विचारलं तर पाहिलंस तेच सांग. आणि हा कागद जाळू नकोस, जपून ठेव.

तुझा भाऊ,
त्या शिडीचा मालक,
शंभुलिंग