दे आणि देजो

४ ऑगस्ट

पाच-शून्य! तेही आमच्याच अल्लीपूरच्या मैदानावर, हिंगणघाटच्या मुलींकडून. पाचही गोल एकाच तऱ्हेने खाल्ले. गोलकीपर सपनाने जवळच्या मुलीला बॉल दिला, ती घाबरली, तिने परत ढकलला, मधे हिंगणघाटची पोर घुसली — गोल. शिकवलं कुणी? मीच! "मागून बांधत यायचं, लहान लहान पास." व्हिडिओत किती सोपं दिसतं. पण व्हिडिओत गवत असतं. इथे भिजलेली काळी माती. बॉल अर्ध्या वाटेत बसकण मारतो.

डोमाजी सर जूनमध्ये रिटायर झाले. त्यांचा सगळा फुटबॉल म्हणजे "उचला अन् हाणा." त्यांच्या हाताखाली असताना ते पाहून मी दातओठ खात होते. माझी टीम झाली की असं आंधळं खेळणार नाही, ठरवलेलंच होतं. आज सर मॅच बघायला आले होते. जाताना म्हणाले, "मॅडम, चिखलात काऊन रांगोळी घालून राह्यल्या?" तोंडावर हसले मी. आतून जळाले.

संस्थेचे सचिव बापूरावजी गाडीवर बसता बसता सांगून गेले — "जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत पाहू. नाई जमलं त सरांलेच परत बोलावू. ते रिकामेच आहेत."

टीम गेली तर मी कोण? पी.टी.च्या तासाला रांग सरळ करणारी बाई. नको! ही टीम मला हवी आहे.

५ ऑगस्ट

चिडून मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्याने कुणाचा पास सुधारला? कुणाचाच नाही.

१२ ऑगस्ट

गोम थोडी कळायला लागली आहे. मी बाजूने "दे! दे!" ओरडते आणि मधल्या फळीतली शालू मान खाली घालून देऊन टाकते. पुढची आचल अजून निघालेलीही नसते. आज्ञाधारक पोरी! बॉल गेला की सुटल्यासारखं त्यांचं तोंड होतं.

आज मधेच आचल शालूला हळूच म्हणाली, "मी तिकडं पोचली का मंग देजो." मी तिथेच अडवलं. "आचल, मैदानावर नीट बोल. देजो नाही, दे!" शाळेचा नियमच आहे शुद्ध बोलायचं. आणि पुण्यात बी.पी.एड. करताना माझ्या बोलण्याला लोक इतके हसले होते, की तो नियम मला नोकरीच्या आधीपासून पाठ.

आचल गप्प झाली. मग सगळ्याच. उरलेला सराव मुक्याने झाला.

१७ ऑगस्ट, रविवार

मैत्रिणीकडे जायला स्कूटी काढत होते. आमचं नालवाडीचं घर रस्त्याला लागून, त्यामुळे आईला आतून ओरडावं लागतं. "येतानी सांभार आणजो वं!"

हँडल धरून उभीच राहिले.

'आण' म्हणाली असती, तर आधी कोथिंबीर आणून दिली असती आणि मग निघाले असते. आईचं 'आण' म्हणजे फोडणी जळते आहे. 'आणजो' म्हणजे तुझं काम आधी कर, वेळ आली की आण. घाई नको, पण विसरूही नको.

आचल हेच मागत होती! आत्ता नको, मी मोकळ्या जागेत पोचले की दे — हे सगळं तिने दोन अक्षरांत सांगितलं होतं. आणि मी, जी महिनाभर फळ्यावर बाण काढून हेच समजावते आहे, तिला म्हणाले नीट बोल! काय गधी आहे मी.

सांभार आणायला विसरले. आई बोललीच.

१८ ऑगस्ट

मुलींना गोल बसवलं. म्हटलं, आजपासून मैदानावर घरच्यासारखं बोलायचं. 'दे' म्हणजे पायात, आत्ताच. 'देजो' म्हणजे मी निघाले, पुढच्या रिकाम्या जागेत, वेळ पाहून.

सपना म्हणाली, "मॅडम, मंग हेडमास्तर सर रागावतील त?"

"त्याइले मी पाहतो!" — तोंडातून निघूनच गेलं. मुली आधी चपापल्या, मग एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मीही.

मग खेळल्या. शालूने आज पहिल्यांदा मान वर केली! करावीच लागते. 'देजो' ऐकलं की मागणारी कुठवर पोचली ते बघितल्याशिवाय देता येत नाही. "वर बघ, वर बघ" ओरडून माझा घसा बसला होता. ते काम एका शब्दाने केलं.

२४ ऑगस्ट

आला पोळा, पाऊस झाला भोळा. मैदान सुकायला लागलं आहे. बॉल पळतो!

डोमाजी सरांवर मी उगाच इतकी खार खात होते, असं आज वाटलं. चिखलात उचलावाच लागतो, त्यात ते खोटे नव्हते. पण हाणायचं कुणासाठी, हे ते सांगत नसत. माझ्यापुरतं आता ठरलं. ओलं असेल तर लांब, कोरडं असेल तर मागून, पण दोन्ही वेळा पळणारी मागणार आणि देणारी बघून देणार. बाजूने माझं ओरडणं बंद. फार जड जातं आहे! जीभ चावत उभी असते.

३ सप्टेंबर

तालुक्याची फायनल. समोर पुन्हा हिंगणघाट. आणि एक मोठी गोष्ट मी विसरलेच होते — त्यांनाही 'देजो' समजतं की! त्याही इथल्याच. आचलने आवाज दिला की दोघी तिच्या मागे. हाफटाइमला शून्य-एक. मुलींना सरळ सांगून टाकलं, आता काय करायचं ते मलाही सुचत नाही. शालू म्हणाली, "मॅडम, तुम्ही फक्त पाहा."

दुसऱ्या हाफमध्ये आचल "देजो! देजो!" करत पार कोपऱ्याकडे पळाली, दोघींना ओढून घेऊन गेली, आणि शालू बॉल घेऊन रिकाम्या मधल्या वाटेने सरळ आत! मग पुन्हा तेच. दोन-एक!!

"हे कुणी शिकवलं गं?"

"खोटं बोलाले शिकवा लागते का, मॅडम?"

१२ सप्टेंबर

वर्धा. जिल्ह्याची सेमीफायनल. हरलो, एक-दोन. शेवटी शेवटी कॉर्नरवरून गोल खाल्ला. सपना गोलपोस्टला टेकून रडत होती, तिला उठवता उठवता मलाही रडू आलं.

पण काय खेळल्या! माझ्या मनात होतं तशा नाही. त्याहून वेगळ्या, त्याहून बऱ्या. हे लिहितानाही छाती भरून येते आहे.

१३ सप्टेंबर

बापूरावजींचा फोन. "पोरी चांगल्या खेळल्या म्हणतात. पण हरल्याच ना शेवटी? सोमवारपासून डोमाजी सर येऊन राह्यले."

मी "बरं" म्हणाले. नुसतं बरं! मग सगळी भांडी घासून काढली, घासलेलीसुद्धा.  आई चहा करून शेजारी बसली.

१५ सप्टेंबर

डोमाजी सर आले. सगळा सराव उन्हात उभे राहून पाहिला. एकदाच "हाण!" म्हणून ओरडले. शालूने मान वर केली, आचलकडे पाहिलं, मग दिला.

सरांनी माझ्यासमोरच फोन लावला. "बापूरावजी, ह्या पोरी आता माह्या कामाच्या नाई राह्यल्या. मी हाण म्हणतो, अन् ह्या आधी पाहून घेतात. मॅडमलेच राहू द्या."