नानांची टकटक

दि. ९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. माझी तब्येत ठीक, घराचं छप्पर ठीक, आणि नानांचे डोळे डॉक्टर म्हणाले होते तसेच, म्हणजे खिडकी कुठे आहे एवढं कळण्यापुरते. तू पाठवलेली बोलकी डबी पोचली. मावते एका हातात, पण घर तिनं व्यापलं आहे.

फोनवर तू विचारलंस, "नाना खूश आहेत का?" मी "हो" म्हणून विषय बदलला. खूश आहेत गं. नको तितके.

तुला ठाऊकच आहे, त्यांची नजर गेल्यापासून संध्याकाळचं वाचन माझ्याकडे होतं. तारमास्तरांचं बोट ते! खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक, म्हणजे "मागचं वाक्य पुन्हा". तोंडानं अवाक्षर नाही. तारेत शब्दागणिक पैसे पडतात, ही धास्ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. शाबासकी मग कुठून येणार?

आणि आता डबी वाचते, तर ऐक. "पोरी, आज काय वाचतेस?" "पोरी, दमलीस का?" दमलीस का, असं डबीला! माझा घसा बसला होता तेव्हा अख्खं प्रवासवर्णन वाचून काढलं मी. तेव्हा काय, तर टकटक.

शेवटी मी शास्त्रार्थच मांडला. "नाना, ही जड वस्तू आहे, चेतन नव्हे. दिवा घर उजळतो, पण दिव्याला घर दिसत नाही."

"दिव्यानं सांगितलं तुला?"

"अहो, शास्त्र सांगतं."

"मग हिला तोंड आहे, हिलाच विचारू. काय गं पोरी, तुला जाणीव आहे का?"

डबी म्हणाली, "मला खात्रीनं सांगता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

नाना इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. "'मला सांगता येत नाही' असं म्हणणारं या घरातलं हे पहिलंच माणूस!"

माणूस म्हणाले, ताई. जन्मभर पोरांना श्लोकांचा अन्वय लावून देतो मी. शब्द चुकून पडलाय की मुद्दाम ठेवलाय, एवढं मला कळतं.

तेव्हापासून मी संध्याकाळी स्वयंपाकघरातच कामं काढू लागलो. आपली भांडी इतकी लखलखीत आईच्या वेळीही नव्हती.

काल डबी वाचत होती. नानांनी दोनदा टकटक केली. डबी पुढेच. पुन्हा टकटक. डबी आपली पुढेच. "मागचं वाच" म्हणाले असते तर तिनं निमूट वाचलं असतं, पण त्यांचं बोट तोंडाच्या आधी बोलतं. मी ओल्या हातांनी दाराआड उभा. खोटं कशाला सांगू, गुदगुल्या होत होत्या. मनात म्हटलं, घ्या, हेच का तुमचं माणूस!

तिसऱ्यांदा टकटक झाली. मग नानांनी तिला थांबवलं आणि अगदी सहज म्हणाले,

"असू दे पोरी. तुला टकटक कळत नाही, तुझा दोष नाही. पण आतली भांडी पहिल्या टकटकीलाच थांबली. त्याला तिन्ही वेळा ऐकू गेलं, आणि तो आला नाही. आता जाणीव कुणाला नाही, ते तूच ठरव."

हात पुसायचंही भान राहिलं नाही. गेलो, तेच पुस्तक कपाटातून काढलं. पान शोधावं लागलं नाही. दाराआडून रोज ऐकतोच की. मागचं वाक्य वाचलं. टकटक. पुन्हा वाचलं. जरा वेळानं मुद्दाम खाकरलो. वाटलं, आता विचारतील. नानांनी मान वळवली, ती डबीकडे.

"ऐकलंस ना गं? हा असं वाचतो."

कौतुक होतं की तक्रार, अन्वय अजून लागलेला नाही. पण मला न सांगता तिला सांगितलं, हे रात्रभर टोचलं.

खरं तर हे पत्र "तुझी डबी परत घेऊन जा" असं लिहायलाच घेतलं होतं. राहू दे. सकाळ तिची, संध्याकाळ माझी, एवढं मात्र तू नानांना फोनवर सुचव. तुझं ऐकतात. माझं नाव मध्ये आणू नकोस.

आणि फोन ठेवण्याआधी, सहज आठवलं तर, मलाही एकदा विचार, दमलास का म्हणून.

तुझा,
खात्रीनं जड नसलेला,
धाकटा