वसुधाची वाटी

प्रिय वसुधा,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू आपल्या त्या गोड आवाजात बोलत राहतेस, मी हो हो म्हणत ठेवून देते आणि मग दिवसभर ज्याला त्याला तोडत असते. काल एका बाईच्या लग्नातल्या साडीला फॉल उलट्या बाजूने लावला. असं झालं की समजायचं, डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहायला बसले. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढू नकोस. आमचे हे उद्या वायरिंगच्या कामाला मुलुंडला येतायत, त्यांच्या हाती देते.

रविवारी ओजस आला होता. त्याने आणि आमच्या अक्षताने माझ्या पिकोच्या मशीनवर लॅपटॉप ठेवला आणि एमडी मेडिसिनच्या ॲडमिशनच्या यादीत कुठलं कॉलेज वर टाकायचं, कुठलं खाली, हे सुरू झालं. स्थळं बघतात तसं. इथे पेशंट ढिगाने, पण शिकवायला कोणाला फुरसत नाही. तिथे राउंडला सर प्रत्येक खाटेशी थांबतात. इकडे हॉस्टेल बरं, तिकडे सरकारी नोकरीचा बाँड मोठा. एके ठिकाणी पहिल्या वर्षापासून आयसीयूत उभं करतात, दुसरीकडे वर्षभर नुसतं रक्ताच्या नळ्या घेऊन पळायचं. मी म्हटलं, अरे तीन वर्षं राहायचंय की जन्म काढायचाय? तर ओजस म्हणतो, काकू, मेडिसिनवाला ह्या तीन वर्षांत जसा घडतो तसाच शेवटपर्यंत राहतो. बोलतो छान तुझा मुलगा. तेही मला टोचतं.

अक्षताच्या मनात ते मोठं हॉस्पिटलच आहे, जिथे दोघांची इंटर्नशिप झाली. तिथे वर्सोव्याची एक म्हातारी आली होती, ताप उतरत नव्हता. सगळ्या तपासण्या करून थकले. मग युनिटच्या मॅडम तिच्या खाटेवर बसल्या, घरचं, होडीचं, गुराढोरांचं काय काय विचारत राहिल्या आणि गप्पांतून दुखणं पकडलं. त्या दिवशी अक्षता घरी आली ती जेवायचं सोडून तेच सांगत बसली. आई, मला असं विचारायला शिकायचंय, म्हणाली. मी वरून म्हटलं, आधी हात धू. पण पोरीचा चेहरा उजळला होता. माझ्यासाठी कधी तिचा चेहरा तसा झाला नव्हता. आता त्या मॅडमवरही जळत बसू काय?

पण ओजसलाही तेच युनिट हवंय. परीक्षेत नंबर त्याचा वरचा. आणि मागच्या वर्षाचं बघता ह्या दोघांच्या नंबरापर्यंत तिथे मेडिसिनची एखादीच जागा उरेल. ती त्याने घेतली की अक्षताला नागपूर. एवढं मला कळतं.

अक्षता चहा टाकायला आत गेली तेव्हा मी शेजारीच बसून साडीला हाताने टीप मारत होते. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण त्या हॉस्पिटलचं नाव तिच्या अॅप्रनवर इतक्या वेळा घासलंय की नुसत्या वळणावरून ओळखते. ओजसच्या यादीत ते पहिलं होतं. त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं, ते नाव खाली ढकललं आणि दुसरंच एक वर आणलं. मग चहा घेताना उगाच नागपूरच्या संत्र्यांवर बोलत बसला. ह्या दिवसांत कुठली आलीत संत्री?

आणि संध्याकाळी तुझा फोन. जानकी, काळजी करू नकोस, ओजस नागपूर वर टाकतोय, अक्षताला इथेच मिळेल. तिला मात्र सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल. असं म्हणालीस, जशी शेजारणीला कोथिंबिरीची जुडी देतेस.

वसुधा, मी तुझ्यावर जळते. हे तुला ठाऊक असेल, पण एकदा माझ्या तोंडून ऐक. तुझ्या मुलुंडच्या फ्लॅटवर नाही जळत. तुझ्या ओट्याखालच्या त्या सरकत्या कप्प्यांवर थोडीशी जळते. खरं जळते ते तुझ्या देण्यावर. वाकोल्याला आपण एका गॅलरीत होतो तेव्हा बरं होतं. तुझ्याकडून शिऱ्याची वाटी आली की माझ्याकडून घावणे जायचे. भाऊजींना कळू न देता माझ्या ओट्याशी उभी राहून तू सुकटीची चटणी भाकरीला लावून खायचीस आणि जाताना बडीशेप मागायचीस. तेव्हा हिशेब बरोबरीचा होता. मग तुम्ही मुलुंडला गेलात आणि वाट्या एकाच बाजूने यायला लागल्या. ओजसच्या क्लासच्या नोट्स. ओजसची जाडजूड पुस्तकं. भाऊजी रविवारी दोघांना बसवून गणितं घालायचे. ओजसने पेन्सिलीने रेघा मारलेल्या जागा वाचून माझी पोरगी डॉक्टर झाली. पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्याचं नाव, खाली हिचं. मी एकदा खोडरबर घेऊन बसले होते त्याचं नाव पुसायला. शाई होती, जाईना.

आता तू जागाच वाटीत घालून पाठवतेस. ही वाटी मी कशाने भरून परत करू, सांग ना.

मोह नाही झाला असं नाही. चार दिवस गप्प बसले. पोरगी डोळ्यासमोर राहील, ड्यूटीवरून आली की गरम आमटी घालीन, ह्यांच्या छातीत जरा दुखलं तर घरात डॉक्टर. सगळं मनात मांडून झालं. देवापुढे नारळही ठेवला, म्हटलं, वसुधाच्या मुलाला नागपूर आवडू दे. देव हसला असेल. पण रोज अक्षता ती यादी उघडायची आणि म्हणायची, मिळालं तर माझ्या नंबरावर मिळेल गं आई, नाही तर नागपूर काही वाईट नाही, तिथे पेशंट बघायला खूप मिळतात. माझ्या नंबरावर, असं म्हणायची. ते मला ऐकवेना. आज सकाळी सांगून टाकलं.

ओरडली नाही. विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? रविवारपासून, म्हटलं. मग जिन्यात जाऊन ओजसला फोन लावला आणि तिथे मात्र अशी ओरडली की खालच्या सुंदराबाई दार उघडून उभ्या राहिल्या. तो म्हणे कबूलच करेना, मला नागपूरच आवडतं म्हणून हटून बसला. ही वर आली, लॅपटॉप उघडला आणि माझ्यासमोर आपल्याही यादीत नागपूर पहिलं केलं. म्हणाली, त्याने बदललं नाही तर मीही बदलणार नाही.

आता बघ काय होईल. त्याचं नागपूर वर, हिचंही नागपूर वर. दोघंही तिकडे जातील आणि ती जागा कोण कुठला तिसराच घेऊन जाईल. तू मुलुंडला, मी वाकोल्यात, बसू हात चोळत. एवढी शिकलेली पोरं आणि अक्कल बघ. ती एकमेकांसाठी का एवढी हट्टाला पेटलीत, ते तुलाही कळलंय आणि मलाही. त्याच्यावर आज बोलत नाही. एका वेळी एकच भांडण.

तर हे पत्र एवढ्याचसाठी. यादी परवा संध्याकाळी बंद होते. माझी माझं ऐकत नाही, तुझा तुझं ऐकतो. ओजसला समोर बसव आणि त्याला खरंच जे पहिलं हवंय ते पहिलं टाकायला लाव. त्याने टाकलं की अक्षताही आपल्या मनासारखी यादी लावेल, तसा शब्द मी तिच्याकडून घेतलाय. मग ज्याचं नशीब त्याला. जागा ओजसला मिळाली तर मी जळेन, सांगून ठेवते. आठवडाभर तुझा फोन उचलणार नाही आणि पेढे आणलेस तर तोंड वाकडं करून खाईन. तेवढं सहन कर. पण ते जळणं माझं मी निस्तरीन. दान घेतलं तर ते पोरीला निस्तरावं लागेल, जन्मभर, प्रत्येक पेशंटच्या खाटेशी उभं राहताना.

सोबत तुझी वाटी पाठवतेय. मुलुंडला निघालात त्या सकाळी शिरा घालून दिली होतीस, ती माझ्याकडेच राहिली. बरोबरीचं काही सुचेना म्हणून परत केली नाही. आत सुकटीची चटणी आहे, भाऊजींनी विचारलं तर लसणाची म्हण. वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे तुला सांगायला नको. शिरा घाल. जागा घालू नकोस.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
जानकी