तीन बोटं

९ सप्टेंबर, मंगळवार

बघितला! आज कॅन्सर माझ्या डोळ्यांनी बघितला!

दोन वर्षं पुण्यात या लॅबच्या बाटल्या वाहतोय. दवाखान्यातून उचल, लॅबमध्ये टाक, परत गाडीला किक. बाटलीत माणसाचा एवढासा तुकडा, उग्र वासाच्या पाण्यात बुडवलेला, वर नावाचं लेबल. पुढे त्याचं काय होतं, कधी विचारलं नाही. एका जागी थांबतोय कोण! आज पाऊस जोरात होता म्हणून थांबलो. भावेश तुकडे मेणात बसवून कापतो, केसाहून बारीक. म्हणाला, "रघू, ये, फुकटात सिनेमा दाखवतो."

मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळं गुलाबी आणि निळं! एका बाजूला पेशी ओळीत, भाताची लावणी केल्यासारख्या. दुसऱ्या बाजूला नुसती रेटारेटी — कुणी फुगलेली, कुणी वाकडी, पोटातला निळा ठिपका सुजलेला. मी बोट दाखवलं, "इकडचं बिघडलंय." भावेश ओरडला, "मॅडम, याचा पगार वाढवा, यानं निदान केलं!"

सातवीत आश्रमशाळेतून पळालेला मी. आणि निदान!

१० सप्टेंबर

परत बघितलं. हे आतड्याचं होतं. झोपेतही गुलाबी-निळं दिसणार.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुष्पलता मॅडम रिपोर्ट लिहितात. मोठ्या डॉक्टर, पण विचारलं की सांगतात. आज मी जाम डोकं खाल्लं.

पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, जुनी झाली की मरते. प्रत्येकीच्या आत हुकूम लिहिलेला असतो — कधी वाढायचं, कधी थांबायचं. तंबाखूनं, कशाकशानं तो हुकूम खराब होतो. एकदाच नाही, वर्षानुवर्षं, थोडा थोडा. मग एक पेशी थांबायचंच विसरते. तिच्या पोरी पण तशाच!

मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे भाताच्या खाचराला बांध असतो ना?" म्हटलं, असतो. "पेशींच्या खाली पण एक पातळ पडदा असतो, बांधासारखा. बिघाड बांधाच्या आत असेपर्यंत तो कॅन्सर नाही, काढून टाकता येतो. बांध फुटला की कॅन्सर. मग तो रक्तात शिरतो, मानेच्या गाठींत जातो, फुफ्फुसात जाऊन उगवतो."

"मग तो फुफ्फुसाचा कॅन्सर?"

"नाही. तोंडातून निघालेला तोंडाचाच."

हे लय आवडलं मला! आमच्या साखरशेत गावचा माणूस पुण्यात राहिला तरी साखरशेतचाच!

१४ सप्टेंबर, रविवार

बहिणीच्या, जयवंतीच्या फोनवर आयशी बोललो. तिला बांध, पेशी, सगळं सांगत सुटलो. ती हूं हूं करत होती. मधेच जयवंती म्हणाली, "दादा, आयच्या गालात आतून पांढरं झालंय. मिसरी दाबते ना, तिथंच."

किती दिवस? "होळीपासून!"

आयला म्हटलं, तुकडा काढून बघायला पाहिजे. तर म्हणते, "हात नाय लावायचा. मोखाड्याच्या हौशीला चाकू लावला न् मग तो आंगभर पसरला. दोन महिन्यांत गेली."

माझं जेवण गेलं. तसंही मिसळ लय झोंबत होती. पुण्याचं तिखट मला अजून मानवत नाही.

१५ सप्टेंबर

सकाळी सात वाजताच मॅडमच्या खुर्चीसमोर उभा. त्या साडेनऊला आल्या! म्हणाल्या, तपासणीच्या तुकड्यानं कॅन्सर अंगभर पसरत नाही. लोक उशिरा येतात, तोवर तो आधीच पसरलेला असतो, नाव चाकूचं होतं. आणि कापल्याशिवाय कुणालाच कळत नाही. "मला पण नाही रे, रघू. नुसतं बघून मी पण अंदाजच करणार."

२१ सप्टेंबर

रोज फोन. रोज नाही. आज म्हणाली, "तू दिवाळीत वाघबारशीला ये. तारपा वाजव. दोन वर्षं तुझा तारपा नाय ऐकला. मग काप माझा गाल."

कबूल! कबूल! कबूल!

आनंदात तीन पुड्या खाल्ल्या. माझी गोड सुपारी आहे, तंबाखूचा कणही नाही. आयसारखं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. साखरशेत

झालं! जव्हारला दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढला, मसुराएवढा. एक टाका. आय मुठी आवळून बसली, पण हलली नाही. तुकडा पुढे पाठवणार होते. मी म्हटलं, "मीच नेतो पुण्याला, माझा धंदाच तो."

बाटलीवर नाव — बुधी. हजार बाटल्या वाहिल्या. ही हातातून खाली ठेववेना.

आय बाटलीकडे बघून म्हणाली, "मी कवा पुणा बघला नाय. माझा मास चालला फिराया!" टाका दुखेपर्यंत हसली.

१७ ऑक्टोबर, वाघबारस

तारपा वाजलाच नाही.

तुकाकाकानं शिकवलेला, दहाव्या वर्षापासून वाजवतोय. सगळे नाचायला हात धरून तयार, आय गालात कापूस घालून पहिल्या रांगेत. मी फुंकलं — नुसती फुसफुस. गाल फुगेचनात. काका म्हणाला, "पुण्याला वारा विकून आला काय रं?" सगळे खदाखदा. मी म्हटलं, तारप्याचा भोपळा फुटलाय तुमचा, मेण नीट बसवा. काकानं घेतला आणि वाजवला. वाजला.

सराव गेला माझा. दुसरं काय!

१९ ऑक्टोबर

एसटीत बाटली मांडीवर. शेजारचा विचारतो, "लोणचं काय?" म्हटलं, "आय आहे."

तो उठून मागं जाऊन बसला!

२५ ऑक्टोबर, शनिवार

बांध फुटला नाही!!!

मॅडमनी मला बोलावून स्वतः दाखवलं. खालच्या दोन ओळी बिघडल्यात, पण पडदा सलग — गुलाबी रेघ, कुठेही तुटलेली नाही. मिसरी बंद, डाग काढायचा, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. भावेशनं मला उचलून फिरवलं. मी फोनवर ओरडलो, "आये, बांध शाबूत!" ती म्हणाली, "मंग मी सांगत नव्हती का?"

सांगत नव्हती!!

२६ ऑक्टोबर, रविवार

आयचा व्हिडिओ कॉल. मिसरीचा डबा तिनं चुलीत टाकला, तोही दाखवला. मग म्हणाली, "डॉक्टरनी घरातल्या सगळ्यांना एक काम दिलंय. तोंडात तीन बोटं उभी जाया पायजेत. बघ." तोंड उघडून तीन बोटं उभी आत घातली. जयवंतीनं पण घातली. तुकाकाकानं दात नसलेल्या तोंडात चार घालून दाखवली. हसून हसून फोन हलत होता.

"आता तू, रघ्या."

मी घातली.

"नीट घाल ना रं. चेष्टा नको करू."

मी चेष्टा करत नव्हतो. दोनच जातात. दुसरंही दुखून.

फोन कट केला. नेटवर्क गेलं म्हणून नंतर मेसेज टाकला.

काकाच्या तारप्याचा भोपळा चांगला होता.

२७ ऑक्टोबर

मॅडमनी बॅटरी धरली. "पुडी किती वर्षं?" सहा. "सुपारीच आहे हो मॅडम, तंबाखू नाही." त्या म्हणाल्या, सुपारीनंच गाल असे आतून दोरीसारखे आवळतात. तिखट झोंबतं का? फुंकर मारता येते का? मग बॅटरी आणखी आत नेली. डावीकडे मागं लालसर काहीतरी आहे म्हणाल्या. ओळखीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

मी विचारलं, "बांध?"

"रघू, नुसतं बघून मला पण कळत नाही."

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज पाच दवाखाने, नऊ बाटल्या. नवव्या बाटलीवर माझं नाव. लॅबपर्यंत गाडी हळू चालवली.